जुन्या सायकलचे बिघडलेले आटे : फ्रेम वाचवावी कशी?

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या ढेलजेत, शेतातल्या आखाड्यावर किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली काळी सायकल हे बीड जिल्ह्यात आजही दिसणारे दृश्य आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्यावरून शाळा गाठलेली असते, दुधाच्या किटल्या वाहिलेल्या असतात, एस.टी.च्या थांब्यापर्यंतची वाट तुडवलेली असते. बीड शहरापर्यंत रेल्वे पोहोचण्यास २०२५ साल उजाडावे लागले. त्यामुळे एस.टी. आणि सायकल हीच जिल्ह्यातील कित्येक पिढ्यांची हक्काची वाहने होती. आता पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झालेली पुढची पिढी सणावाराला गावी येते, तेव्हा तिचे लक्ष या सायकलीकडे जाते आणि ती पुन्हा चालती करावी, असे वाटू लागते.

अशा सायकलीचे टायर, ट्यूब, सीट, ब्रेकचे रबर, चेन आदी बहुतेक सामान बाजारात नवे मिळते. रंगही देता येतो. खरी परीक्षा होते ती आट्यांपाशी. पायडलाजवळचा कप बसत नाही, बसला तर आवळत नाही, आवळला तर चार दिवसांत पुन्हा डुगडुगू लागतो. मग ‘फ्रेमचे आटे गेले, आता ही भंगारातच घाला’ असा निकाल दिला जातो. हा निकाल अनेकदा घाईचा असतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की, वाचू शकणारी फ्रेम चुकीच्या दुरुस्तीमुळे कायमची निकामी होते. म्हणूनच या कामाची शिस्त समजून घेणे आवश्यक आहे. तिचे सार एका वाक्यात सांगता येईल : झीज नेहमी बदलता येणाऱ्या सुट्या भागावर ढकलावी, फ्रेमवर कधीही नव्हे.

फ्रेमला आटे कोठे असतात?

जुन्या काळ्या सायकलीच्या सांगाड्यात महत्त्वाचे आटे दोनच ठिकाणी असतात. पहिले ठिकाण म्हणजे दोन्ही पायडलांच्या मध्ये, फ्रेमच्या तळाशी असलेली आडवी, जाड नळी. दुकानदार तिला ‘बी.बी. शेल’ म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला दोन्ही टोकांना आटे असतात, त्यांत दोन कप बसतात आणि कपांमधल्या छर्‍यांवर आडवा एक्सल फिरतो. दुसरे ठिकाण म्हणजे पुढच्या चिमट्याची उभी नळी. तिच्या वरच्या टोकाला बाहेरच्या अंगाने आटे असतात. त्यांवर हँडलखालचा कोन व नट आवळला जातो. फ्रेमच्या पुढच्या नळीत वर-खाली बसणारे कप केवळ ठोकून बसवलेले असतात, त्यांना आटे नसतात.

बाकीचे आटे चाकांच्या एक्सलवर, पायडलावर, क्रँकमध्ये, कॉटर पिनेवर आणि मडगार्डच्या स्क्रूवर असतात. हे सर्व भाग बदलता येतात. त्यांचे आटे गेले तर दुरुस्तीत वेळ दवडण्यापेक्षा नवा भाग आणणेच स्वस्त पडते. मेहनत राखून ठेवावी ती बी.बी. शेल आणि चिमट्याची नळी या दोन जागांसाठी.

इंची मापांचा वारसा

आज बाजारातले बहुतेक नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापात मिळतात. जुन्या सायकलीचे आटे मात्र इंची आहेत. त्यामागे इतिहास आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील चांगल्या सायकली म्हणजे प्रामुख्याने ब्रिटनमधून आलेल्या रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए., हंबर, फिलिप्स या होत. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात सायकलींचे कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी.आय. सायकल्स, आसनसोल येथे सेन-रॅले, सोनीपत येथे अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियाना येथे हीरो सायकल्स ही त्यातील ठळक नावे. मुंबईत तयार होणारी ‘हिंद’ सायकलही महाराष्ट्रात सर्वपरिचित होती. यांपैकी काही कारखाने थेट ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने सुरू झाले आणि इतरांनीही तीच मापे स्वीकारली.

याचा मोठा फायदा असा की, ब्रँड कोणताही असो, जुन्या काळ्या सायकलींचे सामान बहुतांशी एकमेकांना चालते. अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० साली बंद पडला, तरी त्या सायकलीचे कप आणि एक्सल लुधियानाच्या सामानातून मिळवता येतात, ते याच कारणाने. प्रमुख मापे अशी आहेत :

बी.बी. शेल : व्यास १.३७ इंच (सुमारे ३४.८ मि.मी.), एका इंचात २४ आटे.
चिमट्याची नळी : व्यास १ इंच, एका इंचात २४ आटे.
पुढच्या चाकाचा एक्सल : ५/१६ इंच, एका इंचात २६ आटे.
मागच्या चाकाचा एक्सल : ३/८ इंच, एका इंचात २६ आटे.
पायडल : ९/१६ इंच, एका इंचात २० आटे.

याला महत्त्वाचा अपवाद आहे रॅलेचा. ब्रिटनमध्ये बनलेल्या अनेक जुन्या रॅले सायकलींच्या बी.बी. शेलला आणि चिमट्याला इंचात २४ ऐवजी २६ आटे असतात. अशा फ्रेममध्ये सर्वसाधारण कप पहिले एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. तेथे पान्याला जोर लावला की मूळचे निकोप आटे त्या क्षणी कापले जातात. त्यामुळे रॅलेच्या घराण्यातील कोणतीही सायकल हाती आली, तर जुना कप काढून त्याच्याशी नवा ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आटे मोजण्याची घरगुती रीत सोपी आहे. ज्याचे माप निश्चित माहीत आहे, असा नवा कप जुन्या कपाच्या आट्यांना आडवा भिडवून उजेडासमोर धरावा. दोन्हींचे दात एकमेकांत नीट बसले आणि मधून प्रकाश दिसला नाही, तर माप एक आहे. दात हळूहळू सरकत जाऊन फट दिसू लागली, तर माप वेगळे आहे. कारागिरांकडे यासाठी पिच गेज नावाची पात्यांची जुडीही असते.

आटे का बिघडतात?

बीड जिल्ह्याची हवा कोकणासारखी दमट नाही. त्यामुळे येथील जुन्या फ्रेम एकंदरीत कमी गंजलेल्या सापडतात. तरीही आट्यांची हानी होते आणि तिची कारणे स्थानिक जीवनातच आहेत. गोदाकाठच्या गंगथडीत, म्हणजे गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात, काळ्या चिकणमातीचा चिखल बी.बी. शेलभोवती लिंपून बसतो आणि ओल धरून ठेवतो. बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा, आष्टी, अंबाजोगाईकडे, मुरमाड धूळ कपांत शिरते आणि वंगणाशी मिसळून कानशीसारखे काम करते. कॅरिअरवर वाहिलेल्या रासायनिक खताच्या पोत्यांतून सांडणारे क्षार आणि गोठ्यातील मूत्राची वाफ लोखंडाला झपाट्याने खातात. सीटची नळी वरून उघडी राहिली, तर पावसाचे पाणी थेट खाली उतरते आणि बी.बी. शेलमध्ये साचते.

निसर्गापेक्षा अधिक हानी होते ती माणसाच्या हातून. तिरका लावलेला कप, चुकीच्या दिशेने लावलेला जोर, छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवलेली रिंग आणि सैल कप घेऊन महिनोन्महिने चालवलेली सायकल ही त्याची नेहमीची कारणे. या आट्यांची खोली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एक आडमुठा फेरा किती नुकसान करतो, याची कल्पना येईल.

आधी निदान, मग पाना

सायकल उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि फ्रेमवरचा क्रमांक टिपून ठेवावा. नंतर बी.बी. शेलभोवतीचा चिखल खरवडून काढावा आणि नळ्या जेथे शेलला मिळतात, ते सांधे बारकाईने पाहावेत. आट्यांची दुरुस्ती करण्याजोगी आहे की नाही, हे सांध्यांच्या प्रकृतीवर ठरते. शंका आल्यास जुनी कसोटी वापरावी. त्या जागी रॉकेल किंवा डिझेल लावून काही वेळाने कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर बारीक काळसर रेघ उमटते. शेललाच चीर गेली असेल, तर आट्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

चीर नसेल, तर आट्यांचा बिघाड कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे. आटे केवळ गंज व घाणीने भरलेले असू शकतात. सुरुवातीचे एक-दोन आटे दबलेले, बाकीचे शाबूत असू शकतात. कप तिरका गेल्याने नवीच तिरकी वाट पडलेली असू शकते. किंवा दातांचे शेंडे झिजून आटे उथळ झालेले असू शकतात. पहिल्या दोन प्रकारांत फ्रेम जवळजवळ नेहमीच वाचते. तिसऱ्यात बहुधा वाचते. चौथ्यात विचारपूर्वक उपाय करावा लागतो.

उलटे आणि सुलटे आटे

या कामात सर्वाधिक फ्रेम बळी पडतात त्या दिशेच्या गोंधळामुळे. बी.बी. शेलच्या डाव्या बाजूचे आटे नेहमीसारखे, म्हणजे सुलटे असतात. चेनच्या, म्हणजे उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. उजवा कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सैल होतो आणि विरुद्ध दिशेने फिरवला की आवळतो. पायडलांचे नेमके याच्या विरुद्ध असते : उजवे पायडल सुलट्या आट्यांचे, डावे उलट्या आट्यांचे. छर्‍यांवर गोल फिरत राहणाऱ्या दाबामुळे भाग आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून ही योजना आहे. विमानाचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेले राइट बंधू मूळचे सायकलवाले होते. त्यांनीही १९०० च्या सुमारास आपल्या सायकलींना डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे पायडल बसवले होते.

लक्षात ठेवण्यासाठी एक खूण उपयोगी पडते. सायकल सरळ उभी असताना, बी.बी.चे दोन्ही कप सैल करायचे तर त्यांची वरची कड पुढच्या चाकाकडे फिरवावी. दोन्ही पायडले सैल करायची तर पान्याचे वरचे टोक मागच्या चाकाकडे फिरवावे. ही खूण पाठ असली, तर डावे-उजवे करण्याची वेळ येत नाही.

अडकलेला कप कसा काढावा?

प्रथम क्रँक उतरवाव्या लागतात. त्यासाठी कॉटर पिनेचा नट पिनेच्या टोकापर्यंत सैल करून, क्रँकखाली भक्कम आधार देऊन ठोका द्यावा. नट पूर्ण काढून ठोकल्यास पिनेचे टोक फुलते. पीन खराब झाली तरी ती स्वस्त आहे. मात्र आधार न देता मारलेला घाव कपांवर व छर्‍यांवर बसतो.

त्यानंतर डाव्या बाजूची लॉक रिंग आणि डावा कप काढावा. उजवा कप लगेच काढण्याची घाई नको. तो घट्ट असेल आणि त्यातील छर्‍यांची वाट गुळगुळीत असेल, तर जागच्या जागी स्वच्छ करून तसाच ठेवावा. निकोप असलेला सांधा उगाच उकलू नये, हा दुरुस्तीतील जुना नियम आहे.

काढणे भागच असेल, तर आधी गंज सोडवणारे तेल आतून व बाहेरून सोडावे आणि किमान एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडावे. या कामात घाई करणारा हरतो. त्यानंतर दोन मार्ग आहेत. पहिला, कपाच्या सपाट कडा टेबलावरच्या मजबूत व्हाइसमध्ये धराव्यात, फ्रेम आडवी ठेवावी आणि फ्रेमचाच तरफेसारखा उपयोग करावा. उजवा कप खाली व्हाइसमध्ये असताना, वरून पाहता, फ्रेम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावी. दुसरा मार्ग नट-बोल्टचा. जाड बोल्ट कपाच्या भोकातून ओवावा, आत-बाहेर वॉशर लावावेत आणि आतले टोक धरून बाहेरून, म्हणजे चेनच्या बाजूने, नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळत न्यावा. नट पुरता आवळला गेला की तो कपाला आपल्याबरोबर फिरवू लागतो, आणि उलट्या आट्यांमुळे तीच कप सुटण्याची दिशा असते. छिन्नीचा घाव हा शेवटचा आणि सर्वांत वाईट उपाय होय.

तेलाने भिजलेल्या भागाला ज्योत लावणे धोक्याचे आहे. उष्णता द्यायचीच असेल, तर तेल पूर्ण पुसून, कढत पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेल शेकावे.

स्वच्छता आणि टॅप

कप निघाल्यावर आटे एकदम कापायला घेऊ नयेत. आधी ते धुवावेत. तारेचा लहान ब्रश, जुना दात घासण्याचा ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल एवढ्यावर बरेच काम होते. दातांच्या तळाशी बसलेली घाण काढण्यासाठी ताणलेली सुतळी आट्यांच्या खाचेतून ओढावी. ‘गेलेले’ म्हणून सांगितलेले आटे कधी कधी एवढ्यानेच पुन्हा दिसू लागतात.

त्यानंतर त्याच बाजूचा, चांगल्या आट्यांचा कप ग्रीस लावून हाताने फिरवून पाहावा. तीन-चार फेरे तो पान्याशिवाय, न डगमगता गेला, तर आटे वाचलेले आहेत असे समजावे. मध्येच अडला तर मागे फिरवावा, पुसावा, पुन्हा घालावा. जोर लावू नये.

सुरुवातीचे आटे दबलेले असतील, तर घरच्या घरी एक हत्यार करता येते. टाकून दिलेल्या, पण आटे शाबूत असलेल्या जुन्या कपावर ग्राइंडरच्या पातळ चकतीने आट्यांना आडव्या तीन-चार खाचा पाडाव्यात आणि खाचांच्या कडांवरचे बुरे काढून टाकावेत. हा कप तेल लावून हळूहळू आत-बाहेर फिरवला की खाचांच्या कडा दबलेले आटे सरळ करतात आणि निघालेला चुरा खाचांत साठतो. हे हत्यार नवे आटे पाडत नाही, जुन्यांना वाट दाखवते. आपल्याला नेमके तेच हवे असते.

आटे तिरके गेले असतील, तर मात्र खरा टॅप लागतो. बी.बी.चे टॅप डावा-उजवा अशा जोडीने असतात आणि दोन्ही एका सामाईक दांड्यावर बसतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे आटे एका रेषेत राहतात. एकच टॅप हाताने धरून अंदाजाने घातला, तर दोन्ही कप एकमेकांसमोर येत नाहीत आणि एक्सल कायमचा अडखळत फिरतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा भरपूर तेलात चालवावा.

बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव या गावांत ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि शेतीच्या अवजारांची दुरुस्ती करणारे लेथवाले कारागीर आहेत आणि त्यांचा हात सफाईदार असतो. परंतु १.३७ इंचाचा, २४ आट्यांचा सायकलचा टॅप त्यांच्याकडे सहसा नसतो, कारण तो अन्य कोणत्याही यंत्राला लागत नाही. तो पुण्या-मुंबईच्या मोठ्या सायकल दुकानांत आढळतो. शहरात राहणाऱ्या वाचकांनी सुटी केलेली फ्रेम बरोबर नेऊन एवढे एकच काम तेथे करून घेणे श्रेयस्कर. जवळच्या मापाचा टॅप ‘चालवून घेण्या’चा आग्रह मात्र धरू नये.

आटे खरोखरच झिजले असतील तर

दात उथळ झाले आहेत, कप जातो पण सैल राहतो, अशी स्थिती असेल तर उपाय सौम्याकडून कठोराकडे न्यावेत. पुढचा उपाय करून बसल्यावर मागे येता येत नाही.

पहिला उपाय : नवा, पूर्ण मापाचा कप लावून पाहणे. झीज बहुधा कप आणि शेल या दोघांत वाटली गेलेली असते. केवळ कप बदलल्याने पकड परत आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

दुसरा उपाय : आटे धरून ठेवणारे रसायन. बेअरिंग आणि बुश पक्के करण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे हे द्रव्य हवेच्या अभावी, धातूंच्या फटीत घट्ट होते. त्यापूर्वी दोन्ही पृष्ठभागांवरील तेल-ग्रीस पूर्णपणे काढलेले असावे. पुढे कधी कप काढायचा झाला, तर उष्णता देऊन ही पकड सोडवता येते. म्हणूनच हा उपाय फ्रेमला निरुपद्रवी आहे. कपावर दोरा किंवा टेप गुंडाळण्याची जुनी युक्ती मात्र तात्पुरतीच. ती दाबाखाली दबून जाते.

तिसरा उपाय : लेथवर करून घेतलेला वाढीव मापाचा भाग. येथे गावच्या लेथवाल्याचे कसब कामी येते. फ्रेम लेथवर चढवणे अवघड, पण शेलच्या झिजलेल्या आट्यांना अनुरूप असा, बाहेरून किंचित जाड व्यासाचा आटे असलेला बुश तो वळून देऊ शकतो. प्रत्येक कातणीनंतर तो फ्रेममध्ये घालून पाहावा लागतो. साध्या लोखंडाचा कप वळून त्यात थेट छर्रे घालू नयेत. छर्‍यांची वाट कडक केलेल्या पोलादाची नसेल, तर तिच्यात लवकरच खड्डे पडतात. त्यापेक्षा बुशच्या आत तयार बंद बेअरिंग दाबून बसवणे आणि त्याला जुळणारा एक्सल वापरणे शहाणपणाचे. फ्रेमचे आटे जसे आहेत तसे राहतात, नवा भाग त्यांच्याशी जुळवून घेतो.

चौथा उपाय : आटे न वापरता दोन्ही बाजूंनी आवळून घट्ट होणारे तयार बी.बी. संच. यात फ्रेमला धक्का लागत नाही. परंतु कॉटर पिनेच्या जुन्या क्रँक त्याला चालत नाहीत, त्या बदलाव्या लागतात आणि सायकलीचे जुने रूप पालटते.

पाचवा उपाय : शेल मोठे करून ३६ मि.मी.चे, इटालियन मापाचे आटे पाडणे. यात मूळच्या नळीतील धातू कायमचा जातो. हे एकदाच करता येते. शिवाय त्या पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असल्याने उजवा कप सैल होण्याची प्रवृत्ती राहते आणि त्या मापाचे कप आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. सर्व मार्ग खुंटल्यावरच याचा विचार करावा.

वेल्डिंगचा मोह

सैल कप शेलला वेल्डिंग करून टाकणे हा गावोगावी दिसणारा ‘इलाज’ आहे. त्या दिवशी सायकल चालू लागते, हे खरे. पण कप हा झिजणारा भाग आहे. पुढे त्यातील छर्‍यांची वाट खराब झाली की तो काढता येत नाही आणि त्याच्याबरोबर फ्रेमही जाते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जुन्या फ्रेमच्या नळ्या शेलमध्ये पितळेच्या झाळेने, म्हणजे ब्रेझिंगने, जोडलेल्या असतात. विजेच्या वेल्डिंगची प्रखर उष्णता त्या सांध्याजवळ लागली, तर झाळ वितळते, पितळ वेल्डमध्ये मिसळते आणि भोवतीचे पोलाद ठिसूळ होऊन पुढे चीर जाण्याची शक्यता वाढते. ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीचा जाड सांगाडा आणि सायकलीची पातळ नळी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शेलमध्ये बुश पक्का करायचाच असेल, तर गॅसवर ब्रेझिंग करणारा अनुभवी कारागीर गाठावा. कपाभोवती पंच मारून शेलची कड आत दाबणे हेही टाळावे. कारण त्याने कप घट्ट होतो, पण नंतर टॅपलाही वाट उरत नाही.

चिमट्याच्या नळीत तडजोड नको

बी.बी. सैल झाली तर सायकल कुरकुरते. चिमट्याची नळी तुटली तर माणूस तोंडावर आपटतो. म्हणून येथील कसोटी अधिक कडक असावी. नळीच्या आट्यांवर केवळ गंज असेल, तर ब्रश व तेलाने स्वच्छ करून १ इंच, २४ आट्यांच्या डायने ते सारखे करून घेता येतात. वरचे एक-दोन आटे दबलेले असतील, तर बारीक त्रिकोणी कानशीने त्यांची वाट मोकळी करता येते.

मात्र आटे असलेल्या भागात नळी फुगलेली दिसली, तर सावध व्हावे. हँडलचा दांडा पुरेसा आत न घालता आवळला, की त्याच्या टोकाचा पाचरीसारखा भाग नेमका आट्यांच्या पातळ भागात दाबला जातो आणि नळीला आतून चीर पडू लागते. दांडा सुमारे अडीच इंच तरी आत असावा आणि पाचर आट्यांच्या खाली यावी. फुगवटा, चीर किंवा निम्म्याहून अधिक आटे झिजलेले आढळले, तर दुरुस्तीचा आग्रह सोडून त्याच मापाचा दुसरा चिमटा घालावा. जुना चिमटा आठवण म्हणून जपता येईल, पण त्यावर भार टाकू नये.

एक्सल, नट आणि ‘जवळपास’चे माप

चाकांच्या एक्सलबाबत एक फसगत वारंवार होते. मागचा जुना एक्सल ३/८ इंचाचा, म्हणजे सुमारे ९.५ मि.मी.चा असतो. आजच्या अनेक सायकलींचा मागचा एक्सल १० मि.मी.चा, १ मि.मी. अंतराच्या आट्यांचा असतो. या नव्या एक्सलचा नट जुन्यावर सहज चढतो आणि बसला असे वाटते. प्रत्यक्षात त्याची पकड केवळ दातांच्या शेंड्यांवर असते. पुरता आवळताना किंवा पुढे ओझ्याखाली तो सरकतो आणि एक्सलचे आटे घेऊन जातो. नट हाताने फिरवताना डगडगत असेल, तर तो त्या एक्सलचा नव्हे, असे समजावे. येथे उपाय स्वस्त आहे : एक्सल, कोन व नट एकाच संचातले घ्यावेत.

पुन्हा जोडताना

दुरुस्त केलेल्या आट्यांना पुढील आयुष्य मिळते ते जोडणीच्या पद्धतीमुळे. रसायन वापरलेले नसेल तर आट्यांवर ग्रीस लावावे. ते गंज रोखते आणि पुढच्या वेळी कप निघण्याची हमी देते. प्रत्येक कप आधी उलट दिशेने हळूच फिरवावा. आट्यांची तोंडे एकमेकांत पडल्याचा बारीक ‘टक’ असा स्पर्श जाणवतो. तेथून पुढे फिरवावा. पहिले तीन फेरे हातानेच. उजवा कप पक्का आवळावा, डावा मात्र एक्सल डुगडुगणार नाही आणि अडखळणारही नाही, इतपत ठेवून लॉक रिंग आवळावी. पन्नास-शंभर किलोमीटर सायकल चालल्यावर पुन्हा एकदा तपासावे. सीटच्या नळीचे वरचे तोंड सीटच्या दांड्याभोवती ग्रीस लावून बंद करावे आणि पावसाळा संपला की बी.बी. उघडून पाहावी.

जुन्या सायकलींचे कौतुक आता वाढते आहे. पुण्यात कर्वेनगर भागात अशा सायकलींचे संग्रहालयही आहे. परंतु प्रत्येक जुनी सायकल संग्रहालयात जाणार नाही आणि तशी गरजही नाही. बीड जिल्ह्यातील खेड्यांत अशी सायकल आजही शेतावर जाण्यासाठी, दूध घालण्यासाठी वापरता येते. तिची फ्रेम तेवढी टिकाऊ असते. भंगारवाल्याच्या तराजूत ती केवळ काही किलो लोखंड ठरते. तिला तेथपर्यंत पोहोचवतात ते बहुधा बिघडलेले आटे नव्हेत, तर न मोजता लावलेला कप, उलट दिशेने फिरवलेला पाना आणि घाईने मारलेला वेल्डिंगचा टाका. आधी माप, मग दिशा, मग तेल आणि सर्वांत शेवटी जोर, हा क्रम पाळला तर या फ्रेमवर अजून एक पिढी सायकल शिकू शकेल.